राजा विरुद्ध फूट

९ डिसेंबर १७७६ रोजी लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयात, लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे, ‘राजा विरुद्ध फूट’ हा खटला उभा राहिला. आरोपी सॅम्युअल फूट. पन्नाशी उलटलेला, एक पाय लाकडाचा, हेमार्केट थिएटरचा मालक, तिथला मुख्य नट आणि तिथल्या बहुतेक प्रहसनांचा लेखकही तोच. घरच्या नोकरावर अनैसर्गिक संबंधाची बळजबरी करू पाहिली, असा त्याच्यावर आरोप होता. ज्यूरी सल्लामसलतीला उठलीसुद्धा नाही, जागेवरूनच तिने ‘निर्दोष’ म्हणून सांगितलं. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत फूटने आपलं थिएटर जॉर्ज कोलमनच्या हवाली केलं आणि पुढचं वर्ष सरायच्या आत तो मेला.

समलिंगी माणसांच्या इतिहासावरच्या इंग्रजी पुस्तकांत फूटचं नाव हटकून येतं. येऊ द्यावं. मात्र ते कोणत्या कागदाच्या जोरावर येतं, तो कागद कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला, हेही त्याबरोबर यायला हवं. अस्सल पत्र कोणतं आणि बखर कोणती, हे आधी वेगळं करा, मग बोला, अशी शिस्त राजवाड्यांनी आपल्याकडे घालून दिली. फूटच्या बाबतीत ती पाळली तर चित्र बरंच बदलतं.

त्याची बखर म्हणजे विल्यम कुक याने १८०५ साली, फूटच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, छापलेली आठवणींची पुस्तकं. फूटचे विनोद म्हणून जे काही आज सांगितलं जातं, त्यातलं निम्मंशिम्मं तिथून आलेलं आहे. कुकला फूट आवडत असे आणि गोष्ट रंगवून सांगायलाही आवडत असे, त्यामुळे त्याचा साक्षीदार म्हणून उपयोग जपूनच करावा लागतो. त्याच्याहून भक्कम साधनं आहेत ती त्या त्या दिवशीची. वर्तमानपत्रांतल्या थिएटरच्या जाहिराती, छापली गेलेली पत्रं, हॉरेस वॉलपोल आणि सॅम्युअल जॉन्सन यांच्या पत्रांतले उल्लेख, फूटचं मृत्युपत्र, आणि परवान्यासाठी सरकारदरबारी दाखल झालेल्या नाटकांच्या हस्तलिखित प्रती.

या शेवटच्या साधनाची कथा ऐकण्यासारखी आहे. १७३७ च्या कायद्याने इंग्लंडात प्रत्येक नवं नाटक प्रयोगाआधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे तपासणीसाठी पाठवणं भाग पडलं. (१९६८ पर्यंत हा अंमल चालला. आपल्याकडचं परिनिरीक्षण मंडळ हे त्याच कुळातलं.) आलेल्या प्रती दप्तरात साचत गेल्या. त्या पुढे जॉन लार्पेंट या तपासनिसाच्या घरी राहिल्या, त्याच्या पश्चात त्या विकत घेणाऱ्या दोघांपैकी एक जॉन पेन कॉलियर होता, आणि हा कॉलियर म्हणजे शेक्सपिअरविषयीचे बनावट कागद घुसडल्याबद्दल पुढे कुप्रसिद्ध झालेला गृहस्थ. हल्ली हा संग्रह कॅलिफोर्नियात हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. नाटकांची मुस्कटदाबी करणाऱ्या खात्याने नाटकं जपली आणि ती एका बनावटखोराच्या हातून सुखरूप पलीकडे गेली, हे अठराव्या शतकाच्या अभ्यासकाचं भाग्यच म्हणायचं.

फूट कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावचा. बाप वकील आणि स्थानिक मॅजिस्ट्रेट, आई गुडियर या सरदार घराण्यातली. ऑक्सफर्डला वूस्टर कॉलेजात गेला, पदवी न घेता बाहेर पडला, कायद्याचं शिक्षण लंडनात सुरू केलं तेही पुरं केलं नाही. १७४१ च्या जानेवारीत त्याच्या एका मामाने दुसऱ्या मामाचा खून करवला. कॅप्टन सॅम्युअल गुडियर याने भाऊ सर जॉन याला ब्रिस्टलजवळ आपल्या ‘रूबी’ या लढाऊ जहाजावर पळवून नेलं आणि खलाशांकरवी गळा दाबून मारलं. कॅप्टनला त्याच वर्षी एप्रिलमध्ये फाशी झाली. या प्रकरणावर जी पत्रकं निघाली त्यातलं एक मेलेल्या मामाच्या भाच्याने लिहिलेलं होतं. फूटचं छापील लेखन सुरू होतं ते इथून, घरातल्या खुनाची हकिगत पैशासाठी बाजारात आणण्यापासून. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं बीज या एका कृत्यात आहे असं मला वाटतं. खाजगी गोष्टीला बाजारभाव असतो, हे त्याला एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीच कळलं होतं.

खुनाच्याच महिन्यात त्याने मेरी हिक्स हिच्याशी लग्न केलं होतं. बायकोचा उल्लेख पुढे कागदांतून लवकरच नाहीसा होतो. पैसे उडवले, कर्ज झालं, तुरुंगाची हवा खाल्ली. ६ फेब्रुवारी १७४४ ला हेमार्केटमध्ये तो पहिल्यांदा रंगमंचावर आला तो ऑथेल्लो म्हणून. शोकांतिका हे त्याचं काम नव्हतं, हे प्रेक्षकांना आणि त्यालाही झटकन कळलं.

त्याचं काम होतं नक्कल. पण नक्कल करायची तर जागा हवी आणि परवाना हवा. १७३७ च्या कायद्याने लंडनात ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोनच थिएटरांना बोलकी नाटकं करायची सनद ठेवली होती. बाकी कोणी पैसे घेऊन नाटक केलं तर नटाला भटक्या-उडाणटप्पूंच्या कायद्याखाली धरता येई आणि दंड पन्नास पौंड. २२ एप्रिल १७४७ ला फूटने गाण्याच्या मैफलीची तिकिटं विकली आणि ‘सकाळच्या गमती’ नावाचा नकलांचा खेळ वरती फुकट दाखवला. मोठ्या थिएटरांनी तक्रार केली, शिपाई आले, खेळ बंद पडला. दोन दिवसांनी ‘जनरल ॲडव्हर्टायझर’मध्ये नवी जाहिरात आली. मिस्टर फूट आपल्या मित्रमंडळींना दुपारी बारा वाजता थिएटरात चॉकलेट प्यायला बोलावत आहेत. चॉकलेटचं तिकीट मात्र काढावं लागेल.

लोक आले. पुढे चॉकलेटचा चहा झाला आणि दुपारची संध्याकाळ झाली. रंगमंचावर येऊन फूट म्हणे, चहा उकळतोय तोवर मी काही होतकरू नटांना शिकवतो, तुमची हरकत नसेल तर. मग लंडनमधल्या एकेका बड्या नटाचा आवाज, चाल, मान वळवायची लकब, सगळं हुबेहूब. चहाचा कप शेवटपर्यंत कोणाला दिसत नसे. चहाची ही हकिगत कुकच्या बखरीतली असली तरी जाहिराती तिला पुष्टी देतात. जाहिरात खोटं बोलत नव्हती असं नाही. पण ती नेमकं काय खोटं बोलत होती हे आपल्याला तारीखवार माहीत आहे.

यानंतरची वीस वर्षं त्याने एका ठरावीक पद्धतीवर काढली. लंडनात सगळ्यांना ठाऊक असलेला कोणीतरी माणूस उचलायचा, नाव बदलायचं, आणि स्वतः त्याची भूमिका करायची. १७५७ च्या ‘द ऑथर’मध्ये त्याने आपल्याच ओळखीच्या एका श्रीमंत गृहस्थाला उचललं, गृहस्थ आधी खूश झाला, मग रस्त्यात लोक त्या पात्राच्या नावाने हाका मारायला लागल्यावर लॉर्ड चेंबरलेनकडे गेला आणि प्रयोग बंद पाडले. १७६० च्या ‘द मायनर’मध्ये मेथडिस्ट उपदेशक जॉर्ज व्हाइटफिल्ड याची टर उडवली. व्हाइटफिल्डच्या डोळ्यात तिरळेपणा होता, म्हणून पात्राचं नावच तिरळ्यावरून ठेवलं. त्याच नाटकात कुंटणखाना चालवणारी, देवाधर्माची भाषा बोलणारी मिसेस कोल ही म्हातारी होती आणि ती फूट स्वतः लुगडी-टोपरी घालून, म्हणजे झगा आणि टोपी घालून, करत असे. नाटकाला धर्ममार्तंडांचा विरोध झाला. वॉलपोलच्या एका पत्रात गंमत आहे. कँटरबरीच्या आर्चबिशपना म्हणे सुचवण्यात आलं की आक्षेपार्ह मजकूर तुम्हीच खोडून द्या. त्यांनी नकार दिला. फूट ते पुस्तक ‘आर्चबिशपनी सुधारलेली आवृत्ती’ म्हणून छापेल, ही त्यांना धास्ती.

ज्यांना त्याची जातकुळी ठाऊक होती ते आधीच बंदोबस्त करत. आपली नक्कल होणार असं जॉन्सनच्या कानावर आलं तेव्हा त्याने पुस्तकविक्रेता टॉम डेव्हिसला ओकच्या काठीचा भाव विचारला, सहा पेनी म्हटल्यावर शिलिंगाची जाड काठी आणायला सांगितली, आणि ही बातमी फूटपर्यंत पोचेल अशी व्यवस्था केली. नक्कल झाली नाही. ही गोष्ट जॉन्सनचा चरित्रकार बॉसवेल याने लिहून ठेवली आहे, डेव्हिसच्या तोंडून ऐकलेली.

डब्लिनचा मुद्रक जॉर्ज फॉकनर काठीऐवजी कोर्टात गेला. फॉकनरचा एक पाय लाकडाचा. १७६२ च्या ‘द ऑरेटर्स’मध्ये फूटने त्याला पायासकट रंगमंचावर आणलं, डब्लिनलाही तोच खेळ नेला, आणि तिथे त्याच्यावर बदनामीचा खटला झाला. फूट आयर्लंडातून निसटला.

चार वर्षांनी, फेब्रुवारी १७६६ मध्ये, यॉर्कशरला लॉर्ड मेक्सबरोच्या घरी पाहुणा म्हणून गेला असताना फूट एका मस्तवाल घोड्यावर बसला आणि पडला. घोडेस्वारीची बढाई मारली म्हणून मंडळींनी मुद्दाम द्वाड जनावर दिलं, असं त्या वेळचे लोक सांगत. हाड दोन जागी मोडलं आणि पाय कापावा लागला. भूल देणारं औषध निघायला अजून ऐंशी वर्षं होती. त्याच घरी पाहुणा असलेला राजाचा भाऊ, ड्यूक ऑफ यॉर्क, याला अपराधी वाटलं असावं. त्याने शब्द टाकला आणि त्याच उन्हाळ्यात फूटला हेमार्केटची तहहयात सनद मिळाली, दर साल मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच्या मुदतीची, जेव्हा मोठी दोन थिएटरं बंद असत. वीस वर्षं कायद्याला चकवे देत काढली, त्या माणसाला कायद्याचं राज्य मिळालं ते एका पायाच्या मोबदल्यात. फॉकनरच्या लाकडी पायाची आठवण लंडन-डब्लिनमध्ये कोणी काढली नाही असं अर्थातच झालं नाही.

फूटने काय केलं, तर स्वतःसाठी लंगड्या माणसांच्या भूमिका लिहिल्या. १७६८ चं ‘दोन काठ्यांवरचा सैतान’, १७७० चं ‘लंगडा प्रियकर’. चित्रकार झोफनीने त्याला ‘मेयर ऑफ गॅरट’मधल्या मेजर स्टर्जनच्या पोशाखात रंगवलं आहे, अपघाताआधीचं चित्र. हाच झोफनी पुढे लखनौला नबाबाच्या दरबारी गेला आणि कोंबड्यांच्या झुंजीचं ते प्रसिद्ध चित्र त्याने तिथे काढलं. चित्रातला फूट गुबगुबीत आहे, ओठ किंचित मुडपलेले, आणि डोळे समोरच्या माणसात काहीतरी शोधताहेत असे.

मराठी वाचकाने त्याचं एकच नाटक वाचायचं ठरवलं तर ते ‘द नबॉब’ असावं. २९ जून १७७२ ला ते हेमार्केटला लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात इकडे थेऊरला माधवराव पेशवे वारले, आणि तिकडे बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या लंडनपर्यंत पोचून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर पार्लमेंटची चौकशी समिती बसली होती. फूटचा नायक सर मॅथ्यू माइट हिंदुस्थानातून पैशाची पोती घेऊन परतलेला कंपनीचा माणूस. जुन्या खानदानाचं कर्ज विकत घेऊन तो त्यांची मुलगी मागतो. एका प्रवेशात जुगारी क्लबचा वेटर त्याला फासे ऐटीत कसे फेकावेत याचे धडे देतो, मनगट कुठे मोडायचं इथपासून. दुसऱ्या प्रवेशात पार्लमेंटची जागा विकायला काढलेल्या गावाचे दोन पुढारी बोलत बसले आहेत. ही संपत्ती येते तरी कुठून, असं एक विचारतो. दुसरा समजावतो: आधी आपण व्यापाराला म्हणून जातो, मग थोडी जागा मागतो, मग तिला तटबंदी करतो, मग बळ आलं की तिथल्या लोकांनाच हुसकावून जमीनजुमला आणि जडजवाहीर घेतो. हे जरा असभ्य नाही का, अशी पहिल्याला शंका येते. पुढचं उत्तर मी इथे देत नाही, नाटकातच वाचावं. दादाभाईंनी हा हिशेब आकड्यांत मांडण्याच्या शंभरेक वर्षं आधी एका विदूषकाने तो लंडनच्या उन्हाळी प्रेक्षकांपुढे वाचून दाखवला होता.

याच नाटकात माइट पुराणवस्तु-संशोधकांच्या मंडळात जाऊन व्हिटिंग्टनच्या मांजराच्या दंतकथेवर निबंध वाचतो. तो विषय त्या मंडळात खरोखरच निघालेला होता. शहर इतकं हसलं की वॉलपोलने मंडळातून आपलं नाव काढून घेतलं, आणि तसं पत्रात लिहूनही ठेवलं. फूटच्या नकलेचा परिणाम मोजायचा तर असे पुरावे हवेत. टाळ्या कागदावर उरत नाहीत, राजीनामे उरतात.

तीन वर्षांनी त्याने एलिझाबेथ चडलीला हात घातला. या बाईने १७४४ मध्ये ऑगस्टस हर्व्ही नावाच्या नौदल अधिकाऱ्याशी गुपचूप लग्न केलं, १७६९ मध्ये ते लग्न झालंच नव्हतं असा निकाल धर्मन्यायालयातून मिळवला आणि ड्यूक ऑफ किंगस्टनशी लग्न केलं. ड्यूक १७७३ मध्ये सगळी मिळकत तिच्या नावे करून वारला आणि त्याच्या भाच्यांनी तिच्यावर पहिला नवरा हयात असताना दुसरं लग्न केल्याचा फौजदारी खटला भरला. १७७५ च्या उन्हाळ्यात फूटने ‘अ ट्रिप टू कॅले’ हे नाटक परवान्यासाठी पाठवलं. त्यात सुतकाचे कपडे मिरवत फिरणारी एक विधवा आहे, नाव लेडी किटी क्रॉकोडाइल. लॉर्ड चेंबरलेन लॉर्ड हर्टफर्ड यांनी परवाना नाकारला.

इथून कागदांचा नुसता पाऊस पडतो. फूटने नाटक गुंडाळून ठेवण्याचे दोन हजार पौंड मागितले, असं प्रतिज्ञापत्र डचेसच्या गोटातल्या एका पाद्र्याने केलं. फूटने ते साफ नाकारलं. ऑगस्टमध्ये फूट आणि डचेस यांच्यातली पत्रं वर्तमानपत्रांत छापून आली. डचेसच्या पत्रात तोल सुटलेला दिसतो. तिने त्याचं कूळ काढलं, त्याच्या चालचलनावर सूचक बोट ठेवलं. फूटचं उत्तर थंड डोक्याने लिहिलेलं आहे. माझा बाप मॅजिस्ट्रेट आणि आजोबा हरफर्डशरचे पार्लमेंट सदस्य होते, असं तो नम्रपणे कळवतो आणि मग तिच्या दोन लग्नांकडे वळतो. वाङ्मय म्हणून फूटने बाजी मारली यावर तेव्हाही दुमत नव्हतं. पैसे मागितल्याचा आरोप खरा की खोटा? मला तो अशक्य वाटत नाही. मामाच्या खुनाची हकिगत विकणाऱ्या हातांना नाटक न करण्याचे पैसे वर्ज्य असतील असं समजायला आधार नाही. पण प्रतिज्ञापत्र करणारा डचेसच्या बाजूचा होता आणि दुसरा साक्षीदार नाही, तेव्हा विषय तिथेच सोडावा लागतो.

डचेसच्या बाजूने लढणारा मुख्य लेखणीबहाद्दर होता विल्यम जॅक्सन. हाही धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला आयरिश माणूस, ‘पब्लिक लेजर’ या पत्राचा संपादक. एप्रिल १७७६ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उमरावांच्या सभेने डचेसला दोषी ठरवलं. साध्या बाईच्या हातावर डाग दिला गेला असता. पण पहिला नवरा हर्व्ही मधल्या काळात अर्ल ऑफ ब्रिस्टल झाला होता, त्यामुळे ती डचेस नसली तरी काउंटेस ठरली आणि उमरावांच्या सवलतीने सुटली. ती सरळ कॅलेला पळाली, म्हणजे फूटने नाटकात पाठवलं होतं तिथेच.

फूट मात्र लंडनातच होता. त्याच वसंतात जॉन सँगस्टर या त्याच्या नोकराने मॅजिस्ट्रेटपुढे आरोप केला. ‘पब्लिक लेजर’ने तो उचलून धरला. दिवसामागून दिवस सूचक मजकूर, कविता, वाचकांची म्हणून छापलेली पत्रं. ‘सदोम आणि ओनान’ नावाचं एक काव्य पुस्तकरूपाने निघालं, अर्पण ‘दोन काठ्यांवरच्या सैताना’ला. लेखकाचं नाव टोपण होतं, पण बोट जॅक्सनकडेच दाखवलं गेलं. सँगस्टरच्या पाठीमागे जॅक्सनचा हात आहे, असं तेव्हाच्या पुष्कळ लोकांचं मत होतं.

मे महिन्यात हेमार्केटचा हंगाम उघडला तेव्हा फूट पडद्यापुढे आला. निकाल लागेपर्यंत मला दोषी धरू नका, एवढंच त्याचं मागणं होतं. प्रेक्षकांत हुर्यो करणारेही होते, पण बहुसंख्यांनी त्याला उचलून धरलं आणि नाटक पार पडलं. त्याने तो सगळा हंगाम अंगावर आरोप घेऊन केला. ऑगस्टमध्ये, अमेरिकन वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लंडनच्या पत्रांत छापला जात होता त्याच दिवसांत, त्याने ‘ट्रिप टू कॅले’ची मोडतोड करून ‘द कॅपुचिन’ नावाने लावलं. विधवा गेली. तिच्या जागी डॉक्टर व्हायपर नावाचा, पैसे घेऊन बदनामी करणारा पाद्री-पत्रकार आला. भर खटल्यात असलेला आरोपी फिर्यादीमागच्या माणसाची नक्कल रोज रात्री तिकीट लावून करतो आहे, असा प्रकार त्यापूर्वी कधी झाला असेल असं वाटत नाही.

हे धैर्य किती मोठं होतं ते कळायला त्या काळचा कायदा पाहावा लागतो. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्याने प्रत्यक्ष कृत्याला फाशी होती. केवळ ‘प्रयत्न’ सिद्ध झाला तर दंड, तुरुंग आणि खोडा. चौकात उंच फळीवर मान आणि हात लाकडी चौकटीत अडकवून तासभर उभं करायचं, खाली जमाव मोकळा. एप्रिल १७८० मध्ये सदर्कला याच आरोपाखाली दोघांना असं उभं केलं. जमावाने दगड आणि घाण मारून त्यातल्या विल्यम स्मिथचा जीव घेतला, आणि एडमंड बर्कने पार्लमेंटमध्ये तो प्रश्न काढला. फूटसारख्या ओळखीच्या चेहऱ्याचं, तेही एका पायावर उभ्या असलेल्या माणसाचं, तिथे काय झालं असतं याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. शिवाय चार वर्षांपूर्वीचंच उदाहरण सगळ्या रंगभूमीपुढे होतं. आयझॅक बिकरस्टाफ हा लोकप्रिय संगीत नाटकांचा लेखक अशाच आरोपाची कुणकुण लागताच १७७२ मध्ये फ्रान्सला पळाला आणि पुन्हा लंडनच्या रंगभूमीवर आला नाही. त्या पळण्याचा फायदा घेऊन विल्यम केनरिकने थेट नटवर्य डेव्हिड गॅरिकवर शिंतोडे उडवणारं काव्य छापलं. फूट पळाला नाही.

निकालाच्या दिवसाची हकिगत कुकची आहे. फूटचा जुना मित्र आणि वकील आर्थर मर्फी गाडी करून सफोक स्ट्रीटवरच्या त्याच्या घरी धावला. फूट खिडकीशी वाट पाहत उभा होता. मर्फीने खालूनच टोपी हलवली. तो जिना चढून वर गेला तेव्हा फूट जमिनीवर पडलेला होता, झटके येत होते, तासभर शुद्धीवर आला नाही. ही हकिगत बखरीतली असली तरी मी ती स्वीकारतो, कारण पुढच्या तारखा तिच्याशी जुळतात. १६ जानेवारी १७७७ ला कोलमनशी करार, वर्षाला सोळाशे पौंड तहहयात. त्या उन्हाळ्यात मोजकेच प्रयोग, जुलैअखेर शेवटचा. ऑक्टोबरात हवापालटासाठी फ्रान्सला निघाला, डोव्हरला ‘शिप इन’मध्ये बोट गाठायला थांबला, आणि २१ तारखेला तिथेच मेला. ३ नोव्हेंबरला रात्री मशालींच्या उजेडात वेस्टमिन्स्टर ॲबीच्या ओवऱ्यांत पुरलं. वर दगड नाही.

आता मूळ प्रश्न. फूट समलिंगी होता का? सँगस्टरचं म्हणणं ज्यूरीने फेटाळलं. जॅक्सनचं काव्य, ‘लेजर’चा मजकूर आणि डचेसचं पत्र ही वैऱ्यांची कागदपत्रं, तीही एकाच गोटातली, म्हणून तीन असली तरी एक धरावीत. उलट बाजूला १७६८ चं मृत्युपत्र आहे. त्यात फ्रान्सिस आणि जॉर्ज अशा दोन अनौरस मुलांच्या नावे मिळकत ठेवली आहे. काही लेखक या मृत्युपत्राने प्रश्न संपला असं समजतात. मुलगे असणं हा कशाचाच पुरावा नाही, ऑस्कर वाइल्डलाही दोन मुलगे होते. तसंच मिसेस कोलची टोपी हा दुसऱ्या बाजूचा पुरावा नाही. पुरुषाने बाईचं काम करणं म्हणजे काय आणि काय नाही, हे बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला सांगायला नको. मोडलेला संसार, पुरुषांच्याच संगतीत गेलेलं आयुष्य, लंडनमधली कुजबुज, हे सगळं एकत्र धरून मला शक्यता नाकारता येत नाही. पण शक्यतेवर चरित्राचं शीर्षक ठेवता येत नाही.

ज्याला भक्कम आधार आहे ती गोष्ट वेगळी, आणि समलिंगी इतिहासाच्या दृष्टीने जास्त कामाची आहे. या आरोपाला खरेपणाची गरज नव्हती. नोकराच्या एका जबानीवर आणि एका वर्तमानपत्राच्या चिकाटीवर तो उभा राहिला, देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशापुढे कोसळला, आणि तरीही त्याने काम तमाम केलं. फूट स्वतः तीस वर्षं लोकांचं खाजगी आयुष्य चव्हाट्यावर आणून पोट भरत होता, तेव्हा त्याच्याबद्दल फार हळवं व्हायचं कारण नाही. फक्त दोन्ही शस्त्रांचं वजन सारखं नव्हतं. फूटच्या नकलेने वॉलपोलचं एका मंडळाचं सभासदत्व गेलं. जॅक्सनच्या मजकुरामागे खोडा उभा होता. तोच १५३३ चा कायदा वंशपरंपरेने आपल्या दंडसंहितेत कलम ३७७ म्हणून आला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची नांगी मोडली. त्या दीडशे वर्षांत इथे शिक्षा झालेल्यांपेक्षा धमकी देऊन पिळले गेलेले किती, याचा कागद कोणत्याच दप्तरात असणार नाही.

जॅक्सन पुढे फ्रेंच क्रांतिकारकांचा हेर झाला. १७९५ मध्ये डब्लिनला राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा ऐकायला उभा असताना, आधीच घेतलेल्या विषाने तो पिंजऱ्यातच मेला. ‘अ ट्रिप टू कॅले’ कोलमनने फूटच्या मृत्यूनंतर १७७८ मध्ये छापलं. आणि फूट वारल्याचं कळताच जॉन्सनने मिसेस थ्रेलना लिहिलं की मर्फीने आता याचं चरित्र लिहायला हवं, निदान याच्या उक्ती तरी गोळा कराव्यात. सूचना चोख होती. ते प्रकरण आतून पाहिलेला, वकिलीही जाणणारा आणि नाटकंही लिहिणारा दुसरा माणूस लंडनात नव्हता. मर्फीने १८०१ साली दोन खंडांचं एक नटचरित्र प्रसिद्ध केलं. ते गॅरिकचं होतं.